दुसरी पालखी

दुबई, ९ जानेवारी २०२५

ति. दत्तूमामा,

साष्टांग नमस्कार, ईमेलवर जेवढा घालता येतो तेवढा. तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही आणि इथून व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. काम आहे म्हणूनच आठवण झाली, असं तुम्ही म्हणणारच. म्हणा.

आमचे मालक निखिल सर तुम्हाला माहीत आहेत. ठाण्याचे, रास अल खोरला फ्रोझन मासळीचं मोठं गोदाम, मी तिथे ॲडमिन मॅनेजर. तर दिवाळीपासून त्यांना इतिहासाचं वेड लागलंय. मीटिंगमध्ये टेबलावर नकाशा, तोंडात 'यल्ला मावळे!', यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. आता पुण्याहून एक कोच येतोय. अठरा तारखेला आम्हा सगळ्या मॅनेजर लोकांना रास अल खैमाच्या धाया किल्ल्यावर नेणार आहेत. विषय: रणांगणातून नेतृत्व. प्रत्येकाने एक लढाई सांगायची आणि तिच्यातून धंद्याचा धडा काढायचा. माझ्या वाट्याला पन्हाळा ते विशाळगड आलंय. तुम्ही मलकापुरात तीस वर्षं इतिहास शिकवलात, दर आषाढात पोरांना पावनखिंडीपर्यंत चालवत नेलंत, मग मी गूगल कशाला करू?

पण मामा, मला वाटतं पाणी कुठेतरी मुरतंय. आमचे फॅसिलिटी हेड, म्हणजे सगळं गोदाम सांभाळणारे, फिरदोसभाई डिसेंबरात अचानक गावी निघून गेले. इथे ऑफिसबॉय निघाला तरी बिर्याणी आणि केक होतो, फिरदोसभाईंना चहासुद्धा नाही. सर म्हणाले, 'खलास, गेला.' ती जागा रिकामी आहे आणि ही सहल म्हणजे त्या जागेची परीक्षा आहे, असं सगळे कुजबुजतायत. माझ्या स्पर्धेत एकच आहे. क्वालिटी बघणारी बदरुन्निसा मुकादम, दापोलीची. महिनाभर ती सारखी सरांच्या केबिनमध्ये जाते आणि ओठ मिटून बाहेर येते. मला बघितलं की नजर चुकवते. नक्की माझ्याबद्दल काहीतरी भरवतेय.

वरद रुवैसच्या रिफायनरीत, फक्त शनिवार-रविवार घरी असतो. ही जागा मिळाली तर त्याला तिथून हलता येईल. शुभ्रा आता तिसरीत गेली, बाप तिला पाहुण्यासारखा भेटतो. म्हणून ही जागा मला हवीच आहे.

तुमची,
मृणाल


मलकापूर, ११ जानेवारी २०२५

चि. मृणालिनी,

आशीर्वाद. कामापुरती का होईना, भाची मामाला लिहिते हे आजकाल थोडं नाही.

हे कोच लोक मला ठाऊक आहेत. आमच्या खिंडीतसुद्धा येतात. पांढरे बूट घालून येतात, दगडावर उभे राहून 'टीमवर्क' म्हणून ओरडतात आणि पाण्याच्या बाटल्या तिथेच टाकून जातात. मी दोघांना त्या उचलायला लावल्या आहेत.

लढाई तुला पाठ आहे, तरी क्रम सांगतो. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. महाराजांनी 'शरण येतो' असा निरोप धाडला, त्यामुळे वेढा ढिला पडला. मग भर पावसात दोन पालख्या निघाल्या. एक महाराजांची, आडवाटेने. दुसरीत शिवा काशीद, महाराजांसारखा दिसणारा न्हावी, राजरस्त्याने. तो मुद्दाम सापडला. वेळ मिळाला. पुढे बाजीप्रभूंनी खिंड धरली, विशाळगडावरून तोफा ऐकू येईपर्यंत.

कोच बाजीप्रभूंवर तासभर बोलेल. तू शिवा काशीदवर बोल. आणि सगळ्यांना एक विचार: दुसऱ्या पालखीत कोण बसलं होतं हे सगळे सांगतात, पण बसणाऱ्याला सगळं माहीत होतं, हे कोणी सांगतं का? त्याला माहीत होतं. परत येणार नाही हे ठाऊक असून तो बसला, म्हणून तो मोठा. ज्याला न सांगता बसवतात, त्याला आमच्याकडे बळीचा बकरा म्हणतात.

आणि त्या बदरुन्निसेबद्दल. जी बाई साहेबाचे कान भरते ती हसत बाहेर येते. ओठ मिटून येणाऱ्या माणसाचं काहीतरी वेगळं असतं. तेवढं बघ.

मामा


दुबई, २० जानेवारी २०२५

ति. मामा,

मिळाली! मी फॅसिलिटी हेड झाले!

पहिल्यापासून सांगते. धायाचा किल्ला छोटासाच आहे, उघड्या डोंगरावर दोन बुरूज, खाली खजुराच्या बागा आणि पलीकडे समुद्र. कोच कानाला माइक लावून भगवा फेटा बांधून वर आला. म्हणाला, इथल्या लोकांनी इंग्रजांच्या तोफांशी झुंज दिली, शेवटी पाणीही नाही आणि सावलीही नाही म्हणून खाली उतरावं लागलं, तर धडा काय? 'रिसोर्स प्लॅनिंग!' तुम्ही असता तर त्याला बाटल्या उचलायला लावल्या असत्या.

मी शिवा काशीदबद्दल बोलले. सर एकदम उठून उभे राहिले. म्हणाले, 'वा! हेच करून बघू.' बसमधून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या. एकीत सर, एकीत मी. ड्रायव्हर यहया आणि गोदामातल्या पोरांनी उचललं. सरांची खुर्ची पायऱ्यांपर्यंत गेली, तिथून ते उतरले आणि गुपचूप बसच्या एसीत जाऊन बसले. मला सेल्सवाल्यांनी शत्रू होऊन घेरलं. सगळे हसत होते. तेवढ्यात कोच ओरडला, 'जी पालखी सापडते तीच खरी लीडर!' आणि सरांनी खालून फोनवर, स्पीकरवर जाहीर केलं की नवीन फॅसिलिटी हेड मृणालिनी मॅडम. माझ्या डोक्यावर फेटा. मी रडले, खरंच सांगते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बदरुन्निसाने नाही. उतरताना माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, 'खुर्चीत बसायच्या आधी तिचे पाय हलतात काय ते बघायचं असतं.' बघा, जळफळाट कसा असतो तो.

पगारात तीन हजार दिरहमची वाढ, म्हणजे सत्तर हजार रुपये. कंपनीची पांढरी गाडी. काचेच्या दारावर माझं नाव, इंग्रजीत आणि अरबीत. सर म्हणाले, इथून पुढे गोदामाचं सगळं तुमच्या नावावर, म्युनिसिपालिटीचे लोक आले तरी तुम्हीच बोलायचं. फक्त मागच्या चार नंबरच्या फ्रीझरकडे जायची गरज नाही, तिथे जुनं मशीन आहे, ते मी बघतो.

वरदने तिथे पेढे वाटले. तुम्हीही वाटा.

मृणाल


मलकापूर, २४ जानेवारी २०२५

चि. मृणाल,

पेढे आणले, पण अजून वाटले नाहीत. तुझं पत्र तीनदा वाचलं.

मास्तर माणूस, प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. फिरदोस का गेला? सगळं तुझ्या नावावर, मग एक खोली सोडून का? मालक ज्या खोलीत तुला जाऊ देत नाही, तिथे काही निघालं तर विचारतील कोणाला? काचेच्या दारावर नाव कोणाचं आहे?

आणि बाळा, त्या खेळात तुझा साहेब मागच्या मागे एसीत जाऊन बसला. तू हे गंमत म्हणून लिहिलंस. मला हसू आलं नाही.

बदरुन्निसेला एकदा घरी चहाला बोलाव. तिने तुला खुर्चीबद्दल सांगितलं ते जळून सांगितलं असं मला वाटत नाही.

मामा


दुबई, ३ फेब्रुवारी २०२५

ति. मामा,

उत्तराला उशीर झाला कारण मी रागावले होते. अजूनही आहे.

तुम्ही कोणावर संशय घेतला नाहीत? वरद मला बघायला आला तेव्हा 'हा मुलगा उजव्या हाताने पाणी पितो आणि डाव्या हाताने फोन लपवतो' म्हणालात. तो बिचारा आईला 'मुलगी पसंत' म्हणून मेसेज करत होता! संशयाला औषध नसतं. एखाद्या बाईला जागा मिळाली की तिच्यामागे काहीतरी असणारच, असं फक्त मलकापुरात नाही, सगळीकडेच वाटतं लोकांना. पण तुम्हाला वाटावं?

सर किती चांगले वागतायत ते ऐका. मॅडम आणि मुलं गेल्या आठवड्यात ठाण्याला गेली, मॅडमच्या आईची तब्येत बरी नाही म्हणून. घरात सर एकटे. तरी रविवारी स्वतः आमच्याकडे आले आणि शुभ्राला त्यांचा कुत्रा देऊन गेले. शेरू, लहानसा, तपकिरी, सरांचा जीव आहे त्याच्यावर. शुभ्राला म्हणाले, 'आता हा तुझा.' त्याचं बास्केट, लसीकरणाचं कार्ड, खाण्याचं भांडं, सगळं. ती त्याच्याशी इंग्रजीत अखंड बोलत असते.

रमजान जवळ आलाय, माल भराभर बाहेर काढायचाय. दहा तारखेला सोमवारी दोन मोठे ट्रक जाणार आहेत, शारजा इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या मेसना. मला श्वास घ्यायला वेळ नाही.

मृणाल


मलकापूर, ४ फेब्रुवारी २०२५

मृणाल,

कुत्रा दिला?

गावाला जाणारा माणूस कुत्रा सांभाळायला देतो, बाळा. लसीचं कार्ड देत नाही.

रागव, पण ती चार नंबरची खोली उघड. एकटी जाऊ नकोस. बदरुन्निसेला घेऊन जा.

मामा


दुबई, ८ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. मग शुक्रवारी, सर नमाजाच्या सुट्टीत बाहेर गेले असताना, बदरुन्निसाच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. फक्त एवढंच म्हणाले, 'चार नंबर.' तिने खुर्ची मागे सरकवली आणि ड्रॉवरमधून जॅकेट काढलं. जणू महिनाभर ती त्याचीच वाट बघत होती.

मशीनबिशीन काही नाही. छतापर्यंत खोकी. बोंबील, कोळंबी, सुरमई. सगळ्यांवर नवी तारीख. बदरुन्निसाने एका खोक्यावरचं लेबल नखाने उचललं. खाली दुसरं लेबल होतं, मुदत गेल्या वर्षीच्या मे महिन्यातच संपलेली. वरवर बर्फ होता, पण वास लपत नव्हता. मध्ये कधीतरी फ्रीझर बंद पडून माल विरघळला होता, म्हणाली. तोच पुन्हा गोठवलाय.

मग आम्ही बाहेर कोपऱ्यावर कडक चहा प्यायला बसलो आणि तिने सगळं सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते.

'फिरदोसभाई ह्या मालाच्या कागदांवर सही करायला तयार नव्हते, त्यांना काढलं. मग मला बोलावलं. दरवेळी तेच. तू फॅसिलिटी हेड हो, गाडी घे, पगार घे. मी नाय बोलले. बोलले, सर, हा माल फेका. ते बोलले, तुझा व्हिसा माझ्याकडे आहे, भावाचा पण. बाहेर बोललीस तर दोघं खलास. म्हणून मी चूप. मग ते तुला बसवायला लागले. मी तुझ्याकडे बघू शकत नव्हते, मृणाल.'

मामा, ती माझ्याबद्दल काही भरवत नव्हती. तिला लाज वाटत होती. आणि मी तिला जळकी म्हटलं.

आता काय करू? आज राजीनामा दिला तर मी सुटते, पण सोमवारी ट्रक जातीलच. शारजाच्या मेसमध्ये जेवणारी पोरं बांधकामावरची आहेत, मालवणची, बिहारची, पेशावरची. आणि माझ्या जागी सर यहयाला बसवतील, त्याला तर लिहिताही येत नाही. म्युनिसिपालिटीला कळवलं तर गोदाम माझ्या नावावर. आधी मलाच धरतील. शुभ्राला कोणाकडे ठेवू? वरदला अजून सांगितलेलं नाही, ह्या शनिवार-रविवारी त्याला ड्यूटी लागलीय, तो आलेला नाही. फोन केला की शुभ्राच्या शाळेचं बोलते आणि ठेवून देते.

भीती वाटतेय, मामा. खूप भीती वाटतेय.

मृणाल


मलकापूर, ९ फेब्रुवारी २०२५

मृणाल बाळा,

रात्रभर बसून दोन पत्रं लिहिली. एक मामाने, एक मास्तराने. दोन्ही ह्यातच पाठवतो.

मामा म्हणतो: शुभ्राला घे आणि पहिल्या विमानाने निघून ये. नोकऱ्या पुष्कळ मिळतात. माझ्या बहिणीची तू एकुलती एक. तुला तिथल्या तुरुंगात बसलेली बघायला मी जगलो नाही. तू आलीस तर मी एका शब्दाने तुला बोलणार नाही, आणि कोणी बोललं तर त्याची जीभ हासडेन.

मास्तर म्हणतो: खिंड म्हणजे काय ते पोरांना मी दरवर्षी विचारायचो. उत्तर सोपं आहे. मोठी फौज जिथून एकेक करूनच जाऊ शकते ती अरुंद जागा. तिथे दोन माणसं पुरतात. तुझ्या गोदामाला अशी जागा कुठे आहे ते तुला माहीत. तुम्ही दोघी आहात. आधी स्वतःच्या नावाने कळव, स्वतःच्या फोनवरून. जो स्वतः सांगतो आणि ज्याला पकडून आणतात, त्यांच्यात सगळीकडे फरक करतात. आणि वरदला आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या फोन कर.

कुठलं पत्र खरं ते मला विचारू नकोस. दोन्ही खरी आहेत.

उत्तराची वाट बघतो. पेढे अजून डब्यात आहेत, बुरशी आली.

मामा


दुबई, ५ मार्च २०२५

ति. मामा,

तेवीस दिवस तुम्हाला काही कळवता आलं नाही. फोन आणि लॅपटॉप दोन्ही तपासाला गेले होते. वरदने रुवैसहून तुम्हाला 'ठीक आहे' असा मेसेज केला होता. ठीक नव्हतं, पण आता आहे.

वरदला त्या रविवारीच फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'मी निघतोय, पोचायला रात्र होईल. तू मामांचं कुठलं पत्र ऐकणार आहेस?' मी सांगितलं. तो म्हणाला, 'मला वाटलंच होतं.'

सोमवारी सकाळी सात वाजता मी म्युनिसिपालिटीला फोन केला. नाव, हुद्दा, गोदामाचा नंबर, सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईने दोनदा विचारलं, 'यू आर द मॅनेजर? यू आर कंप्लेनिंग अगेन्स्ट युअर ओन फॅसिलिटी?' मी म्हटलं, हो.

मग खिंड. आमच्या गोदामाला ट्रक निघायचा एकच दरवाजा आहे. सरांनी दिलेली पांढरी गाडी मी त्या दरवाजात आडवी लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. बदरुन्निसा आत चार नंबरच्या दारापाशी स्टूल टाकून बसली. यहया येऊन म्हणाला, 'मॅडम, गाडी हटाओ, सर गुस्सा करेंगे.' मी म्हटलं, बंद पडलीय. मग त्याने ट्रकचं इंजिन बंद केलं आणि सावलीत जाऊन बिडी ओढत बसला.

सरांचा फोन आला. 'यल्ला, गाड्या सोड.' म्हटलं, दरवाजात गाडी बंद पडलीय. 'ढकला!' म्हटलं, बघते. तिसऱ्या फोनला ते एकदम गोड झाले. 'मृणाल, तू माझी बाजीप्रभू आहेस.' त्यांच्या मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती. मी फोन ठेवला. माणूस इतिहास वाचतो म्हणजे त्याला लाज असतेच असं नाही, एवढा धडा मात्र सरांकडून शिकले.

इन्स्पेक्टर आले ते चौघे होते. आत आल्यावर पहिला प्रश्न, 'मॅनेजर कौन है?' मी पुढे झाले. म्हटलं, 'मैं हूँ.' तेवढ्यात मागून बदरुन्निसा आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, 'मैं भी.' तिला कोणीच विचारलं नव्हतं. तिचं नाव दारावर नव्हतं. ती सरळ घरी जाऊ शकत होती.

मामा, शिवा काशीदला सगळं माहीत होतं, असं तुम्ही लिहिलं होतंत. धायाच्या किल्ल्यावर मला खुर्चीत उचलून बसवलं तेव्हा मला काही माहीत नव्हतं. त्या दिवशी मात्र माहीत होतं.

पुढचं थोडक्यात. दोघींचे पासपोर्ट घेतले, रोज चौकशी. स्वतः फोन केला होता, माल बाहेर गेला नव्हता आणि फिरदोसभाईंनी केरळातून व्हिडिओ कॉलवर साक्ष दिली, म्हणून गेल्या आठवड्यात पासपोर्ट परत मिळाले. गोदामाला सील. माल खड्ड्यात पुरला. सर त्याच दिवशी विमानाने निघून गेले, आता त्यांना इथे परत येता येणार नाही आणि ठाण्यातही त्यांना आता कोणीतरी शोधतंय म्हणतात. माझी नोकरी गेली, व्हिसा वरदच्या नावावर करायला टाकलाय, म्हणजे आता मीच रुवैसला राहायला जाणार. जे हवं होतं ते असं मिळालं. बदरुन्निसाचं काय होईल ते माहीत नाही. तोपर्यंत ती आमच्याकडे आहे. रोजे चालू आहेत, संध्याकाळी मी तिच्यासाठी खजूर आणि फळं कापून ठेवते, ती माझ्यासाठी दापोलीची सांदणं करते. तुम्ही सांगितलेला चहा असा झाला.

कोच मात्र मजेत आहे. माझा खुर्चीत बसलेला, फेटा घातलेला फोटो त्याने नव्या जाहिरातीत टाकलाय. खाली लिहिलंय, 'लीडर घडताना.' पुढच्या महिन्यात दुसरी कुठली कंपनी घेऊन तो पुन्हा धायाला जाणार आहे. मी त्याला लिहिलं की फोटो काढा. त्याने हात जोडल्याची खूण पाठवली, फोटो तसाच आहे.

पेढे नवे आणा आणि ह्या वेळी वाटा.

आणि शेरू. तो आमच्याकडेच आहे. शुभ्रा त्याला बॉल टाकते, तो आणून देतो, जेवतो, झोपतो. पण संध्याकाळी सर ऑफिसातून परतायचे त्या वेळेला उठतो आणि दाराकडे तोंड करून बसतो. काल शुभ्राने विचारलं, 'आई, व्हेन इज अंकल कमिंग टु टेक हिम?' मी म्हटलं, तो आता तुझाच आहे. ती म्हणाली, 'आय नो. बट नोबडी टोल्ड हिम.'

तुमची,
मृणाल